नव्या पुस्तकाची वार्ता

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेत माझ्या वाट्याला आलेला विषय तसा किरकोळ वाटण्याजोगा आहे. नवी कादंबरी निघाली, नवा कथासंग्रह आला, अमुक ठिकाणी त्याचे प्रकाशन झाले, हे वाचकांना सांगणे एवढेच ते काम. लेखक, प्रकाशक, समीक्षक या सर्वांना वाङ्मयाच्या इतिहासात आपापला पाट मांडलेला असतो. वार्ता सांगणाऱ्याला तो नसतो आणि तो असावा असा माझा हट्टही नाही. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयात हे काम नीट झाले नाही तर काय होते, ते मी पुष्कळ वर्षे जवळून पाहत आले आहे. म्हणून कार्यवाहांनी गळ घातली तेव्हा नाही म्हणवले नाही.

आमच्या लहानपणी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत ‘साभार पोच’ या मथळ्याखाली एक चौकट येत असे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, बस्स. अभिप्रायाचा एक शब्द नाही. पुण्यामुंबईच्या वाचकाला त्या चौकटीची गरज नव्हती. तो संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला जाऊन पुस्तक हातात घेऊन पाहू शकत असे. आम्ही मात्र ती चौकट पंचांगासारखी वाचत असू. पृष्ठे किती आणि किंमत किती यावरून पुस्तकाचा अंदाज बांधायचा, प्रकाशकाच्या नावावरून त्याचे कूळ ओळखायचे, आणि मग सुट्टीत मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीतल्या पाचांपैकी दोन पुस्तके आली तरी दिवाळी साजरी झाल्यासारखे वाटे. पुस्तक निघाले आहे हे कळणे आणि पुस्तक मिळणे यांच्यामधले अंतर आमच्याकडे असे महिन्यांनी मोजावे लागत असे.

हे अंतर नेहमीच इतके होते असे नाही. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात वार्ता आणि कादंबरी एकाच टपालाने येत. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक 1867 साली सुरू झाले. त्याचे संपादक रा. भि. गुंजीकर मूळचे बेळगाव भागातील जांबोटीचे. त्यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी 1871 च्या सुमारास याच मासिकातून क्रमशः आली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून आठवड्या-आठवड्याने घरोघर पोचली. इंदूरचा वर्गणीदार आणि पुण्याचा वर्गणीदार यांच्यात फरक पडला तर तो आगगाडीच्या वेळेचा. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन प्रथमच बडोद्यात भरले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. दिवाळी अंकाची चाल पडल्यापासून वर्षातून एकदा तरी नवी कथा सर्व मराठी मुलखांत एकदमच वाचली जाऊ लागली. कादंबरी जसजशी मासिकातून बाहेर पडून थेट पुस्तकरूपाने निघू लागली, तसतसे दूरच्या वाचकाला तिची वार्ता सांगणारा कुणीतरी लागू लागला.

बडोद्याने या बाबतीत जे केले ते येथे बसलेल्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसविण्यासाठी आणले. ते तीनेक वर्षे येथे होते. त्यांच्यामागून हे काम ज. स. कुडाळकर यांनी सांभाळले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये हे सारे आपण अभिमानाने सांगतोच. मला त्यातली फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी सर्वांत जवळची वाटते. पुस्तकांनी भरलेली, कुलूप घातलेली पेटी खेड्यात पोचायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसऱ्या गावाला जायची. त्या पेटीत जागा मोजकी. म्हणजे आत काय घालावे आणि काय वगळावे, हे कुणीतरी त्या गावचा वाचक डोळ्यांपुढे आणून ठरवीत असणार. ते नाव कुठल्या अहवालात सापडत नाही. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक येथून निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ग्रंथालयाविषयी बोलण्यासाठी स्वतंत्र नियतकालिक असावे, आणि ते आपल्या भाषेतही असावे, ही जाण या गावाला शंभर वर्षांपूर्वी होती.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम ‘ललित’ने केले. 1964 च्या जानेवारीत केशवराव कोठावळ्यांनी ते सुरू केले. आमच्या घरी अंक आला की आधी तो कुणी घ्यायचा यावर तंटा होई, कारण त्यातला ‘ठणठणपाळ’. जयवंत दळवी त्या नावामागे आहेत हे पुढे जगजाहीर झाले. वसंत सरवट्यांनी काढलेला तो हातोडेधारी गृहस्थ आमच्या ओळखीचा झाला होता. लेखकांची थट्टा वाचता वाचता त्यांच्या पुस्तकांची नावे कानावर पडत, आणि ज्याची थट्टा झाली त्याचे पुस्तक आधी मागवावेसे वाटे. वार्ता देण्याचा हा प्रकार मला आजही उत्तम वाटतो. गंभीर चेहऱ्याने केलेल्या शिफारशीपेक्षा प्रेमाने केलेली चेष्टा पुस्तकाला अधिक वाचक मिळवून देते. 1974 मध्ये ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ उभी राहिली आणि ‘बलुतं’, ‘उपरा’ यांसारखी आत्मकथने तिने ज्यांच्या हाती दिली, त्यांतले कित्येक जण पुस्तकाच्या दुकानात कधी गेलेलेही नसतील.

आता जरा व्यवहाराकडे वळते. मराठी कादंबरीची आवृत्ती एके काळी हजार-अकराशे प्रतींची असे; आज अनेकदा पाचशेचीच निघते, कधी त्याहूनही कमी. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत आणि प्रकाशकाचे गणित बव्हंशी त्यांच्या खरेदीवर बसते. त्या कायद्याची कक्षा राज्याच्या सीमेपाशी संपते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपली ग्रंथालये त्या गणितात धरलेली नसतात. प्रकाशकाचा प्रतिनिधी आपल्या दारी क्वचितच येतो. आपण वर्गणी, देणग्या आणि थोड्याफार ठेवींच्या व्याजावर पुस्तके घेतो, आणि एका कादंबरीची एकच प्रत घेतो. या एका प्रतीत माझ्या सगळ्या कामाचे मर्म आहे. मुंबईतल्या वाचकाला कुणी चुकीचे पुस्तक सांगितले तर त्याचे चार-पाचशे रुपये जातात. येथे चुकीचे पुस्तक सांगितले गेले तर तेवढ्याच पैशात येऊ शकले असते ते दुसरे पुस्तक या गावात येतच नाही. ते आले नाही हेही कुणाला कळत नाही, कारण न आलेल्या पुस्तकाची मागणी नोंदवहीत कोण लिहिणार?

म्हणून वार्ता सांगताना मी काही पथ्ये पाळते. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्याविषयी फळ्यावर एक अक्षर लिहीत नाही. मुखपृष्ठामागे चार ओळींची चिठ्ठी चिकटवते: कथा कुठे घडते, भाषा कोणत्या वळणाची, वाचायला किती संध्याकाळी लागतील, आणि कुणाला ती आवडणार नाही. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी, हे मला वाचकांनी शिकवले. ‘ही कादंबरी सर्वांनी वाचावी’ असे लिहिले की कुणीच वाचत नाही. ‘ज्यांना गोष्ट सरळ रेषेत हवी त्यांनी घेऊ नये’ असे लिहिले की दुपारी येणाऱ्या आपल्या भगिनींपैकी दोघी-तिघी तरी मुद्दाम घेऊन जातात. दुपारच्या या वाचकवर्गाविषयी सभांतून जरा हसून बोलले जाते, ते मला कधी रुचले नाही. या ग्रंथालयातले कथावाङ्मय शंभर वर्षे ज्यांनी हाताळून जिवंत ठेवले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एकीने माझ्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिले, ‘शेवटची चाळीस पाने उगाच.’ महिन्याभराने त्याखाली दुसऱ्या अक्षरात ओळ उमटली, ‘तीच चाळीस पाने दोनदा वाचली.’ त्यानंतर त्या पुस्तकासाठी रांग लागली. ग्रंथपालांनी नियमावर बोट ठेवून पुस्तकात लिहिण्यास हरकत घेतली. मी चिठ्ठी लांब केली. पुस्तकावर लिहायचे नाही, चिठ्ठीवर लिहायचे, असा तह झाला.

वार्ता सांगणाऱ्यापुढे दोन संकटे असतात: फार कमी बोलले गेलेले पुस्तक आणि फार जास्त बोलले गेलेले पुस्तक. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ 1974 मध्ये आली. आज मराठी कादंबरीची चर्चा तिच्यावाचून पुरी होत नाही, पण तिची पहिली आवृत्ती संपायला फार वर्षे लागली. उलट टोकाचे उदाहरण 2010 चे. नेमाड्यांची ‘हिंदू’ येणार येणार म्हणून इतकी वर्षे गाजत होती की ती प्रत्यक्ष आली तेव्हा लोक पुस्तकापेक्षा तिच्या वार्तेवरच वाद घालत होते. ग्रंथालयात ज्यांनी एक पानही उलटलेले नव्हते असे सभासद माझ्याशी तावातावाने भांडले. पहिल्या प्रकारात वार्ता देणाऱ्याने दहा वेळा दार ठोठवावे लागते. दुसऱ्यात कोलाहल ओसरेपर्यंत थांबून, ‘अहो, ही खंडेराव नावाच्या माणसाची गोष्ट आहे, त्याचे घर, शेती, नातीगोती यांची आहे, आधी तेवढी वाचा’ असे सांगावे लागते. दुसरे काम अधिक कठीण आहे. गप्प पडलेल्या पुस्तकाविषयी बोलले तर निदान कुणी ऐकून तरी घेतो.

भेटप्रतींविषयी बोलल्याशिवाय या विषयाला पुरते होता येणार नाही. वार्ता देणाऱ्याचे नाव चार ठिकाणी झाले की त्याच्याकडे पुस्तके विनामूल्य येऊ लागतात. दूरच्या ग्रंथालयाला भेटप्रत म्हणजे मोठाच आधार. ती घेण्यात गैर काही नाही. मात्र तिच्याबरोबर एक अदृश्य बिल येत असते. एका प्रकाशनसंस्थेने मला कादंबरी पाठवली आणि सोबत छापील परिच्छेद जोडला. मासिक बैठकीत हाच वाचून दाखवावा, अशी विनंती. परिच्छेदात कादंबरी ‘युगप्रवर्तक’ होती. वाचल्यावर मला ती बरी वाटली, मधला भाग तर चांगलाच वाटला, आणि मी बैठकीत तेवढेच सांगितले. प्रत भेटीदाखल आली आहे, हेही सांगितले. पुढच्या हंगामापासून त्या संस्थेची पुस्तके यायची थांबली. कार्यकारी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला विचारले, ‘बाई, एक विशेषण वाचले असते तर काय बिघडले असते? वर्षाला दहा पुस्तके फुकट येत होती.’ हिशेब त्यांचा बरोबर होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, त्या दहा पुस्तकांपायी माझ्या शब्दावर विसंबून खरेदी होणारी बाकीची पुस्तके संशयास्पद ठरतील. ते पटले की नाही ठाऊक नाही. विषय पुन्हा निघाला नाही. तेव्हापासून भेटप्रतीच्या चिठ्ठीवर ‘भेट’ असे वरच लिहिण्याचा प्रघात मात्र पडला आहे.

नव्या पुस्तकाबरोबर समारंभ येतात. प्रकाशन समारंभांचे वर्णन मी काय करावे! चकचकीत कागदात बांधलेले पुस्तक, सुटता न सुटणारी फीत, शाल, श्रीफळ, आणि ‘पुस्तक मला आत्ताच मिळाले, येताना गाडीत चाळले’ असे सांगून पाऊण तास बोलणारे प्रमुख पाहुणे. समारंभाचा वृत्तान्त लिहिताना व्यासपीठावर कोण कोण होते याची यादी देण्याची पद्धत आहे. मी ती देत नाही, यावरून माझ्यावर रोषही ओढवला आहे. दूरच्या वाचकाला हवी असते ती वेगळीच गोष्ट: लेखकाने कोणता उतारा वाचला, वाचताना सभागृह कुठे शांत झाले, आणि प्रश्नोत्तरांत त्याने कशाचे उत्तर टाळले. 2018 साली एक्क्याण्णववे अखिल भारतीय संमेलन बडोद्यात भरले तेव्हा मी तीनही दिवस अधिक वेळ ग्रंथप्रदर्शनाच्या मंडपातच होते. ज्या प्रकाशकांची नावे आम्ही वर्षानुवर्षे केवळ शीर्षकपृष्ठावर वाचली, ती मंडळी समोर बसलेली. पुस्तक उघडून, पहिले पान वाचून, परत ठेवून, दुसरे उचलण्याचे जे सुख पुण्याच्या वाचकाला रोज मिळते, ते आपल्या गावाला तीन दिवस मिळाले. अध्यक्षीय भाषणे छापून येतात, ती नंतरही वाचता येतात.

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या घरातली नवी पिढी मराठी बोलते. वाचते मात्र गुजराती किंवा इंग्रजी. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. ती वाचण्याची सवय झालेल्या डोळ्याला देवनागरीचे भरगच्च पान भिंतीसारखे दिसते, असे मला एका मुलाने सांगितले. त्याने ‘मृत्युंजय’ वाचली होती, पण गुजराती अनुवादात. आणि शिवाजी सावंत मराठी लेखक आहेत हे त्याला अनुवादाच्या शीर्षकपृष्ठावरून कळले. अशा वाचकासाठी फळा आणि चिठ्ठी दोन्ही निरुपयोगी. त्याला पुस्तकाची वार्ता कानावाटेच द्यावी लागते. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा नव्या कादंबरीची दहा-बारा पाने मोठ्याने वाचतो. व्याख्यान नाही, परिचय नाही, हारतुरे नाहीत. कोल्हापूरकडची बोली किंवा मराठवाड्याची बोली त्यांना कागदावर अडवते, कानावर पडली की अडवत नाही. त्यातले किती जण पुढे पुस्तक घरी नेतात? थोडे. दर महिन्याला एखादा. तो एखादा मात्र पुढल्या महिन्यात शेजारच्या मुलीला घेऊन येतो, आणि दोघे मागच्या रांगेत बसून मला ऱ्हस्व-दीर्घाविषयी असे प्रश्न विचारतात की, माझी दमछाक होते.

पुरस्कार जाहीर झाला की पुस्तक घेऊ, असे धोरण काही ग्रंथालयांचे आहे. मला ते मान्य नाही. पुरस्काराची बातमी ही पुस्तकाच्या दृष्टीने जुनी बातमी असते. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला, तेव्हा कुठे अनेकांनी कादंबरीचे नाव ऐकले. ती निघून तोवर काही वर्षे झाली होती. पाचशे प्रतींची आवृत्ती कुणाचा पुरस्कार होईपर्यंत थांबत नाही. ती संपते, आणि पुनर्मुद्रण होईल की नाही ते सांगवत नाही. दूरच्या ग्रंथालयाने म्हणूनच उलट अधिक लवकर हालचाल करावयास हवी.

व्याख्यान लांबले. संपविण्यापूर्वी माझे नेहमीचे काम उरकते. दाराजवळच्या टेबलावर आज तीन पुस्तके मांडली आहेत. ‘उद्या’ उद्याच्या समाजाविषयी आहे. माणसावर सतत रोखलेली पाळत आणि मुलींची घटती संख्या असे विषय त्यात आहेत. करमणुकीखातर घेऊ नये. किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह. गावातून शहराकडे सरकणाऱ्या मुलाचे मन ज्यांनी स्वतःच्या घरात पाहिले आहे त्यांना तो फार जवळचा वाटेल. एकेक कथा एकेका संध्याकाळची. तिसरे कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’. धरणापायी गाव सोडावे लागलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या म्हशीची ही कादंबरी आहे. बोली पहिली वीस पाने अडवील, मोठ्याने वाचावी. या तिसऱ्याची केवळ चिठ्ठीच टेबलावर आहे. प्रत बाहेर गेली आहे, पुढच्या गुरुवारी परत यायची आहे, आणि तिच्यासाठी नोंदवहीत आधीच चार नावे लागली आहेत. पाचवे लिहायचे असेल त्यांनी जाताना लिहून जावे.